एका पट्ट्याची बोंब

मी पट्टा बोलतोय. कमरेचा नाही आणि कुत्र्याच्या गळ्यातलाही नाही. मी डायनमोचा पट्टा. काळ्या रबराचा, पोटात सुताचे दोरे भरलेला, बाहेरून रुंद आणि आतून निमुळता. आधीच सांगून ठेवतो, मी गोड बोलणार नाही. इतर वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की लाडेलाडे सुरुवात करतात. माझा जन्म कारखान्यात झाला, तिथे जळक्या रबराचा वास होता, संपलं. त्यात कौतुकाचं काही नाही.

जन्मानंतर मी सुरतेजवळ उधन्याच्या एका स्पेअरपार्टच्या दुकानात दीड वर्ष खिळ्याला टांगून होतो. गिऱ्हाईक आलं की दुकानदार काठीने मला खाली काढायचा, नखाने खरवडून दाखवायचा, "एकदम ओरिजनल छे" म्हणायचा आणि सौदा फिसकटला की परत टांगायचा. दीड वर्ष उगाच नखं लावून घेणं काय असतं, ते तुम्हाला नाही कळणार. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

शहाण्णव सालच्या होळीनंतर उखा दुकानात आला. पंचेचाळिशीचा, उंच, किडकिडीत माणूस. डोक्याला रुमाल, हातात तुटलेला जुना पट्टा. त्याने काही न बोलता तो तुटका पट्टा काउंटरवर ठेवला. दुकानदाराने माप बघितलं आणि मला खाली काढलं. उखा पट्टा घरीच बदलणार हे त्याच्या लक्षात आलं असावं, कारण त्याने नीट समजावून सांगितलं. "काका, जादा टाइट मत करना. बीच में अंगूठे से दबाओ तो आधा उंगली अंदर जाना चाहिए. समझे?"

"हां हां," उखा म्हणाला.

"और डायनमो सीधा बिठाना. तिरछा रहा तो पट्टा चिल्लाएगा."

"हां हां."

"चाय मंगाऊं?"

"हां हां," म्हणून उखाने पैसे ठेवले, मला खांद्यावर टाकलं आणि तो सरळ चालता झाला. दुकानदार बघतच राहिला. मला वाटलं, काय मिजास आहे या माणसाची! चहा विचारला तरी थांबत नाही. त्याच्या खांद्यावर लोंबकळताना पहिल्या दिवशीच माझं डोकं फिरलं होतं.

आता हा डायनमो कुठला, ते सांगतो. उखाकडे एक छकडा होता. छकडा म्हणजे आमच्या गुजरातेतली तऱ्हा. पुढून फटफटी, मागून दोन चाकांची मालगाडी. जुन्या मोटारसायकलचं तोंड, हँडल आणि सीट तशीच ठेवायची, सीटखाली डिझेलचं इंजिन बसवायचं आणि मागे लाकडी हौदा जोडायचा. उखाच्या छकड्यात कुणा मिस्तरीने आणखी अक्कल लढवली होती. डायनमोच्याच दांड्यावर त्याने इंजिन थंड ठेवणारा पंखा बसवला होता. म्हणजे इंजिन मला फिरवणार आणि मी डायनमो व पंखा दोघांना फिरवणार. मी तुटलो की पंखा बंद, पंखा बंद की इंजिन तापून जाम. आलं ना लक्षात? एवढं मोठं धूड माझ्या जिवावर चालत होतं आणि माझी किंमत कुणाला नव्हती.

उखा सुरतेच्या नवागाम भागात राहत होता. एक खोली, पत्र्याचं छप्पर, दारात गटारीवर टाकलेली फरशी. घरात उखा आणि त्याची बायको प्रमिलाबाई. मुलगी वर्षा लग्न होऊन नंदुरबारला गेलेली. माणसं मूळची अमळनेरकडची, घरात अहिराणी बोलणारी. उखाने बावीस वर्षं सुरतेत पावरलूम चालवले होते. दीडेक वर्षापूर्वी ते काम सोडून त्याने छकडा घेतला आणि कारखान्यांतले कापडाचे तागे पलसाण्याच्या मिलमध्ये रंगाईला पोचवायचं काम धरलं. "पाठ दुखते," असं तो सगळ्यांना सांगायचा.

प्रमिलाबाई जुन्या वळणाची. नवऱ्याचं नाव घ्यायची नाही. हाक मारायची ती "आयकं का?" अशी. तुमच्याकडे बायका "अहो, ऐकलंत का?" म्हणतात ना, तेच. फक्त ती हे इतक्या मोठ्याने म्हणायची की तिसऱ्या घरातला माणूस "काय?" म्हणून ओ द्यायचा. मला आधी वाटलं, बाई भांडखोर आहे. दिवसभर हिचं आपलं "आयकं का! आयकं का!" आणि हा बाबा ढिम्म. तिने समोर येऊन उभं राहिल्यावर मग मान हलवायचा. "हां हां."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला बसवायला घेतलं. मदतीला भाईदास आला. भाईदास म्हणजे उखाचा लूमवरचा जुना सोबती, अजून त्याच कारखान्यात कामाला, गल्लीत दोन दारं सोडून राहणारा. दोघांनी छकडा फरशीवर घेतला, चाकाला विटा लावल्या, सीट काढली. पट्टा बदलणं म्हणजे काही मोठी विद्या नाही. डायनमोचे दोन बोल्ट ढिले करायचे, डायनमो आत ढकलायचा, नवा पट्टा इंजिनच्या आणि डायनमोच्या खाचेच्या चाकांवर चढवायचा, डायनमो पुन्हा बाहेर ओढून बोल्ट आवळायचे. अर्ध्या तासाचं काम. शहाण्या माणसाने केलं तर.

पण हे दोघे लूमवाले! तिथेच सगळा घोटाळा. लूमच्या मोटारीचा पट्टा तारेसारखा ताणलेला लागतो. जरा ढिला पडला की लूम मागे पडतो, आडवा दोरा नेणारा धोटा अर्ध्या वाटेत अडकतो, कापड बिघडतं आणि शेठच्या शिव्या खाव्या लागतात. बावीस वर्षं ज्या हातांनी पट्टे ताणले, ते हात मला ढिला ठेवतील होय? भाईदासने मला बोट मारून बघितलं आणि मान हलवली. "आजून ताण. वाजाडा तं टण् वाजाले पाहिजे." उखाने त्याच्या तोंडाकडे बघितलं, हसला आणि आतून पहार घेऊन आला.

पहार! विहीर खणायला वापरतात ती! ती डायनमो आणि इंजिनच्या मधे घातली, भाईदास तिच्यावर आडवा झाला आणि उखाने बोल्ट आवळले. मी इतका ताणला गेलो की माझ्या पोटातला एकेक दोरा कळवळला. आणि पहारेच्या त्या हिसक्याने डायनमो वाकडा बसला, एक चाक पूर्वेला तर दुसरं जरा आग्नेयेला. त्यावर कडी म्हणजे उखाने राळेचा खडा काढला आणि माझ्या दोन्ही अंगांना चोळला. लूमचा पट्टा घसरू नये म्हणून चोळतात, तसा. अरे, मी काय तुमचा लूमचा पट्टा आहे? दुकानदार घसा फोडून काय सांगत होता? आधा उंगली म्हणाला होता तो! तुम्ही तर नखाएवढीही जागा ठेवली नाही.

मग उखाने इंजिन चालू केलं आणि मी केकाटलो.

खोटं सांगत नाही, असा केकाटलो की समोरच्या घरातलं तान्हं पोर रडायला लागलं. नळावरच्या बायकांनी हंडे खाली ठेवून कानांवर हात घेतले. भाईदासचे कान लूमने अर्धे खाल्लेले, तरी त्यानेही तोंड वाकडं केलं. "काहीतरी वाजी राह्यनं, भाऊ," तो ओरडून म्हणाला.

"हां, नवा शे ना," उखा म्हणाला.

प्रमिलाबाई पिठाच्या हातांनी बाहेर आली. तिला वाटलं, कुणाला तरी गाडीखाली घेतलं. दारात ती थांबली. मला वाटलं, आता ही तरी बोलेल. पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती उखाच्या चेहऱ्याकडे बघत होती. गल्लीतल्या प्रत्येकाच्या कपाळाला आठ्या होत्या आणि उखा एकटा माझ्यावर हात टेकून समाधानाने हसत होता. काम फत्ते झालं, असं. प्रमिलाबाई आत गेली आणि तिने दार लोटून घेतलं.

तेव्हा मला कळलं. हा माणूस मिजासखोर नव्हता. त्याला ऐकूच येत नव्हतं.

बाकीचं हळूहळू समजलं. प्रमिलाबाईला एकटं असताना स्वतःशी बोलायची सवय, आणि बोलायची सवय मोठ्याने. त्यामुळे तिच्या मनातली गोष्टही दारात उभ्या असलेल्या छकड्यापर्यंत यायची. बावीस वर्षं, रोज बारा तास, लूमच्या खटखटाटात उभं राहून उखाचे कान गेले होते. वर्षाच्या लग्नात भटजी मंगलाष्टकं म्हणत होते, तेव्हा हा बाप लोकांच्या हातांकडे बघून अक्षता टाकत होता. लोकांचे हात उठले की ह्याचा हात उठायचा. ते तिने पाहिलं होतं. पोटच्या पोरीचं लग्न लागलं आणि बापाला त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही. तरी एक कान थोडा शिल्लक होता. ढोल वाजला, मेघ गरजला तर कळायचं. तेवढा वाचवावा म्हणून त्याने लूम सोडला आणि पाठीचं निमित्त सांगितलं.

आणि म्हणूनच ते लपवायचं होतं. बहिऱ्याच्या हाती गाडी कोण देणार? त्याच्या भरवशावर माल कोण पाठवणार? हे उघड झालं की छकडा बंद, आणि छकडा बंद म्हणजे परत लूम. उरलेला कानही गेलाच समजा. गल्लीला हे माहीत होतं. गल्लीतल्या अर्ध्या पुरुषांची तीच गत. पण कुणी तोंड उघडत नव्हतं. आपलीच मोरी आणि मुतायची चोरी, तशातली गत.

मला या सगळ्याचा भयंकर राग आला. तुम्ही म्हणाल, बिचाऱ्याची दया नाही का आली? नाही आली! दया कसली? तीन आठवडे मी रोज जळत होतो. वाकड्या चाकांवर घासून घासून माझी अंगं काचेसारखी गुळगुळीत झाली, डायनमोचं बेअरिंग माझ्या ताणाने रडायला लागलं, आम्ही दोघं मिळून नवागामपासून पलसाण्यापर्यंत आक्रोश करत जायचो. रस्त्यावरचे लोक वळून बघायचे. ट्रकवाले शिव्या घालायचे. सायकलवाले हात करून दाखवायचे, की बाबा, तुझ्या गाडीखाली काहीतरी ओरडतंय. उखा त्यांना हात करून रामराम करायचा! गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता.

राग प्रमिलाबाईचाही आला. एकदा तिने प्रयत्न केला, नाही असं नाही. उखा ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर खात होता. ती म्हणाली, "आयकं का, तो पट्टा जरासा ढिला करा ना. सारी गल्ली नावं ठेवस."

"हां हां," उखा म्हणाला आणि त्याने ताट पुढे केलं. त्याला वाटलं, ती आणखी भाकर वाढू का विचारते आहे. तिने भाकर वाढली. अगं बाई, वाढतेस काय? धर त्याचा खांदा, बस समोर आणि सांग! पण नाही. नवऱ्याला "तुम्ही बहिरे झालात" असं कसं म्हणायचं? त्याला वाईट वाटेल. त्याला वाईट वाटू नये म्हणून ती गप्प, तिला कळू नये म्हणून तो गप्प. मी मधल्या मधे बोंबलतोय.

शेवटी मी ठरवलं. तुटायचं. असंतसं नाही, भर हायवेवर, दुपारच्या उन्हात, गाडीत माल भरलेला असताना. माझ्याविना इंजिन ताप ताप तापेल, खडखडेल, त्याला ते ऐकू येणार नाही आणि धाडकन जाम होईल. मग कळेल पट्टा म्हणजे काय असतो ते. माझ्या आतले दोन दोरे आधीच तुटले होते. तिसरा तुटायची मी वाट बघत होतो.

एप्रिल महिन्यातली दुपार होती. पलसाण्याच्या त्या मिलच्या आवारात आम्ही तागे घेऊन शिरलो. तिथे माल उतरवायचा एक ओटा होता. त्याला गाडीची पाठ लावायची म्हणून उखाने मागचा गिअर टाकला आणि मान वळवून डावीकडून बघत छकडा मागे घ्यायला सुरुवात केली. उजवीकडून एक बाई डोक्यावर ओल्या कापडाचा बोजा घेऊन आली. बोज्यामुळे तिला गाडी दिसली नाही. उखाला बाई दिसली नाही.

"ओ! रुको! रुको!" ओट्यावरचे हमाल ओरडले. गाडी मागे येत होती. बाईने बोजा टाकला आणि किंचाळली. गाडी मागेच येत होती. मी जन्मात ओरडलो नाही असा ओरडलो. एका हमालाने उडी मारून बाईला दंडाला धरून खेचलं, म्हणून ती वाचली. हौदा ओट्यावर धाडकन आदळला. त्या धक्क्याने उखाला कळलं की काहीतरी झालं.

मेहताजी धावत आला. मिलमध्ये येणारा माल हाच उतरवून घ्यायचा. कुणाची गाडी आत घ्यायची आणि कुणाची नाही, ते याच्याच हातात. इंजिन चालूच होतं, म्हणून मीही चालूच होतो.

"आ शेनो अवाज छे?" मेहताजी कानावर हात ठेवून ओरडला. "पट्टो चीसो पाडे छे, तने संभळातुं नथी?"

उखा सीटवरून उतरला. घाबरला होता. पट्टा किंचाळतोय ते ऐकू येत नाही का, असं मेहताजी विचारत होता. काहीतरी विचारलं जातंय, एवढंच उखाला कळत होतं. उन्हात मेहताजीचे ओठ नीट दिसत नव्हते. त्याने हात जोडले. "हां हां, शेठ."

मेहताजी जवळ आला. या वेळी तो हळू बोलला, हिंदीत, अगदी सरळ. "तू बहरा है क्या?"

"हां हां," उखा म्हणाला. आणि हसला.

हमाल उखाकडे बघायला लागले. ती बाई जमिनीवर बसली होती, तीही वर बघायला लागली. उखा एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत होता आणि आपण काय बोलून बसलो, ते त्याला कळत नव्हतं. हसू तसंच तोंडावर. इतकी वर्षं ज्या दोन शब्दांनी त्याने हे झाकून ठेवलं होतं, त्याच दोन शब्दांनी तो स्वतःच्या तोंडाने कबूल झाला होता. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण मेहताजीला कुणी सांगितलं? मी! माझी बोंब उखासाठी होती. ती त्याला सोडून साऱ्या दुनियेला ऐकू गेली.

मेहताजीने हाताने सांगितलं. माल उतरव. गाडी घेऊन जा. उद्यापासून नाही. हाताची भाषा उखाला कळायची. हसू मावळलं.

मेहताजी चुकला, असं मी म्हणणार नाही. ती बाई थोडक्यात वाचली. उद्या दुसरी कुणी वाचली नसती. बहिऱ्याने गाडी मागे घेऊ नये, हे बरोबरच आहे. म्हणून तर माझा जास्त जळफळाट झाला! राग काढावा तर कुणावर? उखावर? मेहताजीवर? तीन आठवडे मी उखाला शिव्या देत होतो, म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देत होतो. ज्यांच्या लूमने याचे कान नेले त्यांना कुणी कधी विचारलं का, की बाबांनो, तुम्हाला ऐकू येत नाही का?

परतीच्या वाटेवर माझा तिसरा दोरा तुटला. चौथाही सुटत आला. ठरवल्याप्रमाणे तुटायची हीच वेळ होती. नाही तुटलो. दात असते तर दातओठ खाऊन धरलं असतं, असा धरून राहिलो. या माणसाचं आजच सगळं गेलंय, त्यात इंजिन घालवायचा वाईटपणा मी तरी घेणार नव्हतो. घरापर्यंत त्याला नेलं.

दारात आल्यावर त्याने इंजिन बंद केलं, पाना घेतला आणि सीट काढून माझे बोल्ट ढिले केले. मला बाहेर काढलं, हातात धरून फिरवलं. माझी जळकी, चकाकती अंगं त्याने बोटाने चाचपली. हाताला त्याच्या सगळं कळायचं. किती ताणलं होतं, किती वाकडं बसवलं होतं, त्या चाचपण्यातच त्याला कळलं. तो फरशीवर बसून राहिला.

प्रमिलाबाई दारात आली. "आयकं का?" ती नेहमीसारखी ओरडली. "आज इतलं लवकर कसं काय?"

उखाने मान वर केली. तिच्या ओठांकडे बघितलं. "हां हां" म्हणेल, असं मला वाटलं.

"नही," तो म्हणाला. "नही आयकं. माले काहीच आयकू येत नही, वर्षानी माय."

एवढं बोलायला त्याला इतकी वर्षं लागली. प्रमिलाबाईच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो तिने खाली ठेवला आणि ती त्याच्या समोर फरशीवर टेकली. गल्लीत माणसं होती, नळावर बायका होत्या, तिला कशाची फिकीर नव्हती.

"माले ठाऊक शे," ती म्हणाली. ओरडली नाही. एकेक शब्द त्याला दिसेल असा म्हणाली. मग एकदम कपाळावर हात मारून घेतला. "माले ठाऊक व्हतं! तरी मी रोज तुम्हले आयकं का, आयकं का करत राह्यनू! मन्ही जीभ कशी झडनी नही!"

उखाला सगळं कळलं की नाही, कोण जाणे. त्याने तिचा हात कपाळावरून काढला आणि धरून ठेवला. त्या दिवसापासून प्रमिलाबाई त्याला हाक मारत नाही. जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवते. गल्लीतल्या म्हाताऱ्या नाकं मुरडतात, नवऱ्याला चारचौघांत हात लावते म्हणून. मुरडू देत.

इथे गोष्ट संपली असती तर मी शांत झालो असतो. पण पोट कुणाला चुकलंय? छकडा भाईदासचा मेव्हणा विकत घेऊन गेला. त्याला नवा पट्टा बसवून देताना उखाने, या वेळी दुकानदाराकडून खुणांनी समजून घेतल्याप्रमाणे, अंगठ्याने दाबून आधा उंगली मोजून दाखवली, आणि डायनमो सरळ बसला की नाही, ते दोरी लावून बघितलं. आणि आठ दिवसांनी उखा जुन्या कारखान्यात लूमवर परत गेला. भाईदासच त्याच्यासाठी शब्द टाकायला गेला होता. शेठने काय म्हटलं, ते त्याने प्रमिलाबाईला खाली मान घालून सांगितलं. शेठ हसून म्हणाला होता, "बहरा हो गया? अच्छा है. बातों में टाइम नहीं बिगाड़ेगा."

ऐकलंत? गाडीवर बहिरा नको. मिलच्या दारात बहिरा नको. लूमवर मात्र चालतो! तिथे बहिऱ्याला कुणी अडवत नाही. चांगला असेल तर त्यालाही बहिरा करून घेतात. माझ्या अंगात आता ताण उरलेला नाही, नाहीतर हे वाक्य ऐकून मी फटकन तुटलो असतो.

मला त्यांनी फेकलं नाही. प्लॅस्टिकच्या बादलीची कड तडकली होती, तिच्याभोवती प्रमिलाबाईने मला घट्ट बसवलं. बादली दारात असते, म्हणून मला सगळं दिसतं. उखा पहिल्या दिवशी लूमवर जायला निघाला, तेव्हा प्रमिलाबाई गादी उलटी करून बसली होती. लग्नात आलेली गादी, तिच्या बापाच्या शेतातल्या कापसाची. तिने कोपऱ्याची शिवण दातांनी उसवली, आतला कापूस ओढला, पिंजला, त्याला थोडं खोबरेल लावलं आणि दोन घट्ट बोळे वळले. उखाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं आणि ते बोळे त्याच्या कानांत घातले.

उखा लाजला. "आते काय उपेग?" तो म्हणाला.

"जे उरनं शे ते तरी राहू द्या," ती म्हणाली.

दारात भाईदास उभा होता, त्याला बोलवायला आलेला. कानात कापूस म्हणजे बायकी थेर, असं म्हणणारा माणूस. मला वाटलं, आता दात काढेल. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि हळूच हात पुढे केला. "वहिनी, थोडा माले बी."

दुसऱ्या दिवशी आणखी तिघे आले. मग समोरच्या गल्लीतले आले. कुणी लाजत, कुणी "बायकोनं धाडलं" म्हणत. प्रमिलाबाई कुणाला नाही म्हणत नाही. बोळा वळते आणि हातावर ठेवते.

तर माझी मागणी अशी आहे, आणि ती मी हात जोडून करत नाही. सुरतेच्या लूमवाल्या शेठ लोकांनो, चिमूटभर कापूस तुम्हाला देता येत नाही? दिवसभर तुमच्या कारखान्यात कापडच तर विणलं जातं! आणि बायाबापड्यांनो, तुमच्या घरात कुणी सगळ्याला "हां हां" म्हणत असेल, तर त्याला आणखी भाकर वाढू नका. समोर बसा आणि विचारा. मी तीन आठवडे ओरडून जे झालं नाही, ते समोर बसून दोन शब्दांत होतं.

आता मी थकलो. घसाही बसला. प्रमिलाबाई आत पुन्हा बोळे वळायला बसली आहे, कारण कारखान्याची पाळी बदलायची वेळ झाली आणि दारात सातजण उभे आहेत. पण इतक्या महिन्यांत गादीतला कापूस संपला आहे. कालपासून ती दोघं सतरंजीवर झोपतात. आज ती उशी उसवते आहे.